वहीतली झोप

लायसन, आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट आणि पीयूसी हे सगळं ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असतं ती पिशवी धम्मदीप तांबेने खिडकीतून बाहेर धरली, आणि ती कोणी घेतलीच नाही. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. पिशवी बाहेर गेली की खालून एक हात येतो, पिशवी जाते, आपण समोरच्या काचेवरचा मेलेला किडा बघत बसायचं, पिशवी परत येते. ज्यांच्या हाताखाली तो गाडी शिकला ते जानूकाका सांगायचे की तपासणीच्या वेळी ड्रायव्हरने गाडीचा एखादा सुटा भाग असल्यासारखं बसावं; सुट्या भागाला कोणी प्रश्न विचारत नाही. पण पालीकडून येताना हातखंब्याच्या तिठ्याअलीकडे डाव्या अंगाला जी मोकळी जागा आहे, तिथे रस्ता सुरक्षा अभियानाच्या फलकाखाली उभ्या असलेल्या आरटीओच्या शेट्ये मॅडम पिशवीकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "शेवटचे कधी झोपलात?"

प्रश्न अवघड नव्हता. चौथीतल्या पोराला विचारला तरी उत्तर येईल. पण धम्मदीपच्या डोक्यात उत्तर शोधायला जो कोणी आत गेला तो परत आला नाही. बुधवारी पहाटे घर सोडलं, चिरे भरून कोल्हापूर. चिरे उतरवून संध्याकाळी गादीच्या कारखान्याच्या फाटकाशी रांगेत. रांग दर अर्ध्या तासाने एक गाडी पुढे सरकायची, म्हणजे दर अर्ध्या तासाने स्टार्टर मारायचा, वीस फूट जायचं, बंद करायची. बुधवारची रात्र अशी वीस-वीस फुटांनी गेली. गुरुवार तसाच. आज शुक्रवार. पहाटे साडेचारला फाटकाबाहेर पडलो, आंबा घाट उतरलो, साखरप्याला चहा प्यायलो. झोप यात कुठे होती? असणार कुठेतरी. माणूस इतके दिवस झोपेशिवाय राहत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

"काल," तो म्हणाला. काल हा दिवस झालेला होता, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

"काल किती वाजता?"

इथे त्याच्याकडून चूक झाली. एकोणीस वर्षांच्या सवयीने हात पिशवीत गेला आणि विचारलेल्या गोष्टीचा कागद बाहेर काढून त्याने पुढे केला. झोपेचाही कागद होता. निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही, वर छापलेलं: चालक विश्रांती नोंदवही. गादीची कंपनी आपला माल परदेशातही पाठवायची, आणि परदेशातल्या कोणा गिऱ्हाइकाला रत्नागिरीचा ड्रायव्हर किती तास झोपतो याची काळजी लागून राहिली होती. म्हणून ज्या गाडीत ही वही नाही ती गाडी फाटकातून आत घेत नसत. गाडीचा मालक केतन याने बारा वह्या आणून दिल्या होत्या आणि म्हणाला होता, "भरून ठेव, उगाच ऐन वेळी धावपळ नको." धम्मदीपचं अक्षर कोणाला लागत नाही, त्याला स्वतःलाही नाही. म्हणून वही भरायचं काम मुलीकडे गेलं. योगिनी आठवीत, अक्षर असं की शाळेतला सुविचाराचा फळा तिच्याकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती चटईवर पालथी पडायची, पेनाचं टोपण दातात धरायची आणि म्हणायची, "बाबा, झोप सांगा." तो पहिली तीन-चार दिवसांची झोप सांगायचा आणि मग कंटाळायचा. "पुढली तुझी तू लिही." ती लिहायची. महिन्याभराची झोप एका बैठकीत व्हायची.

शेट्ये मॅडमनी वही उघडली. तिशीच्या आतबाहेरची बाई, खाकीवर पिवळं चकचकीत जाकीट, पेन केसात खोचलेलं. त्यांनी काल पाहिला. काल रात्री दहा ते पहाटे साडेपाच झोप, शेरा: शांत. मग त्यांनी पान उलटलं, आणि पुढचं पान कोरं नव्हतं.

"आज किती तारीख?"

"सतरा."

"तुम्ही एकोणीस तारखेला दुपारी दीड ते तीन लवंडलात."

धम्मदीपने समोरच्या काचेवर किडा शोधला. आज किडाही नव्हता.

"चोवीसला पाऊण तास उशिरा उठलात. त्रेचाळीस मिनिटं, नेमकं सांगायचं तर. हे बरं आठवलं तुम्हाला?"

"अंदाज असतो मॅडम," तो म्हणाला.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

त्यांनी वही त्याच्या बाजूला फिरवून एका ओळीवर बोट ठेवलं. "नऊ तारीख. शेरा वाचा."

त्याने वाचलं. या वहीतलं काही वाचण्याची ही त्याची पहिलीच वेळ. टपोऱ्या, एकसारख्या अक्षरात लिहिलं होतं: बाबा घरी. कुळथाची पिठी आणि भात जेवले. झोपले. घोरले.

"तुम्ही स्वतःला बाबा म्हणता?"

"कधीकधी," धम्मदीप म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हसणाऱ्या साहेबाचं पुढे काय होतं ते ठाऊक असतं. त्यांनी लायसन काढून घेतलं, वही काखेत मारली आणि सांगितलं की गाडी त्या काजूखाली लावा, दोन वाजेपर्यंत झोपा, दोनला येऊन कागद घेऊन जा. कायदा आठ तासांचा आहे, सलग पाच तासांनंतर अर्धा तास थांबायचं आहे, आणि हा कायदा एकसष्ट सालचा आहे.

"माझ्यापेक्षा मोठा आहे," तो म्हणाला.

"मग मान ठेवा. मागे काय भरलंय?"

धम्मदीपला हे उत्तर द्यायचं नव्हतं. "गाद्या," तो म्हणाला.

"किती?"

"दोनशे दहा. भाट्याच्या हॉटेलात जायच्यात. उशा वेगळ्या."

मॅडमनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. बहुतेक गाद्या असंच लिहिलं असावं, पण लिहायला जरा जास्तच वेळ लागला.

गाडी काजूखाली लावून त्याने केतनला फोन केला. झोपायला सांगितलंय, एवढंच तो बोलू शकला. दंड, पावती, वजनकाटा, या सगळ्यांवर केतनकडे तयार वाक्यं असायची. यावर नव्हतं. तो म्हणाला, "मग झोप. काय करतोस आता. पण वही सोडवून आण. त्यात लाल पेनाने काय लिहिलं ना, तर कंपनी माझी गाडी बंद करणार. आणि माझी बंद झाली की तुझी सुद्धा. कळला ना?" कळलं. केतनकडे एकच गाडी होती. या गाडीवर योगिनीची शाळा होती, बायकोचं, शालनचं, डोळ्याचं ऑपरेशन होतं, पुढच्या पावसाआधी पडवीवर घालायचे पत्रे होते. एवढं सगळं लादून गाडी काजूखाली उभी होती आणि तिच्या ड्रायव्हरला झोपायचं होतं. घर इथून नऊ किलोमीटर. पण घरी जायला गाडी चालवावी लागली असती, आणि गाडी चालवायला आधी झोपावं लागलं असतं.

तो सीटवर आडवा झाला. पाय दाराबाहेर गेले, आत घेतले तर गुडघे छातीला लागले. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांच्या आत रस्ता चालू होता. हे नेहमीचंच, गाडी थांबली तरी आतला रस्ता दोन-तीन तास थांबत नाही, पांढरे पट्टे येत राहतात, एकामागून एक गिळत राहायचे. पण आज पट्टे येता येता मध्येच संपले. साखरप्याचा चहा आला, काचेच्या ग्लासाला बाहेरून लागलेली साय आली, टपरीवाल्याने सुट्ट्याऐवजी दिलेली श्रीखंडाची गोळी आली, आणि त्यानंतर एकदम पालीचा गतिरोधक आला. त्याने पुन्हा सुरुवात केली. चहा, साय, गोळी, पाली. मध्ये दाभोळे पाहिजे. दाभोळ्याची वळणं पाहिजेत, तिथे तिसरा गिअर टाकताना कुरकुर होते ती पाहिजे, नाणीज पाहिजे. साखरपा ते पाली पंचवीसेक किलोमीटर. ते नव्हतेच. गोळी तोंडात होती आणि मग गोळी तोंडात नव्हती.

तो उठून बसला. डॅशबोर्डवर बुद्धाची मूर्ती होती, वाडीतल्या विहाराच्या वर्धापनदिनी मिळालेली, वीतभर, पांढरी, डोळे अर्धे मिटलेले. पंचवीस किलोमीटर काय घडलं हे पाहिलेली गाडीत तेवढीच एक होती. क्लीनर ठेवायचं केतनने दोन वर्षांपूर्वी बंद केलं, वहीत क्लीनरचा रकाना नाही म्हणून. धम्मदीप मूर्तीकडे बघत राहिला आणि त्याच्या मनात आलं की गाडी तर पालीला आली. वळणं घेऊन आली. म्हणजे कोणीतरी चालवली. कोणी? वहीतला तो माणूस, जो रोज रात्री दहाला झोपतो, कुळथाची पिठी जेवतो, चोवीस तारखेला त्रेचाळीस मिनिटं उशिरा उठतो? त्याची झोप कशी छान झालेली असते, तो ताजातवाना असतो, तोच बसला असेल स्टिअरिंगवर. या माणसाचा धम्मदीपला पूर्वीपासून थोडा हेवा वाटत आला होता. आपल्या नावावर, आपल्या मुलीच्या अक्षरात, कोणीतरी आपल्या घरी झोपतं आणि घोरतं. आपण फाटकाशी वीस फूट पुढे सरकतो तेव्हा तो कूस बदलतो. शालनला हा कधी दिसला असेल का? नऊ तारखेला आपण कुठे होतो? घाटात, एक्सल तुटलेल्या टँकरच्या मागे, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत. आणि घरी तिघं जेवली.

पण हा विचार गमतीचा होता आणि त्याच्याखाली दुसरा एक होता तो गमतीचा नव्हता. सकाळचे साडेसात. त्या वेळी त्या रस्त्याने पोरं शाळेत जातात. एका रांगेत जात नाहीत, दोन रस्त्यावर आणि एक गटारीवर अशी जातात, पाठीवर दप्तर, ज्याच्या त्याच्या हातात काठी. योगिनी लहानपणी चालत शाळेत जायची तेव्हा तिच्याही हातात असायची. त्याने तळवे पँटला पुसले. गाडी कुठे आपटली असती तर कळलं असतं. धक्का बसला असता. पण गादीवाल्या गाडीला धक्का बसतो का? दोनशे दहा गाद्या मागे असताना काय कळतं? आणि पोराचं वजन तरी किती असतं?

बाहेर कोंबड्यांचा वास आला आणि मागोमाग रितेश आला. कोल्हापूरहून जिवंत कोंबड्या आणायचा, त्याच रस्त्याने, आज धम्मदीपच्या मागे पाचेक मिनिटांनी. मॅडमनी त्यालाही अडवलं होतं.

"काय रे धम्या, तुला पण निजवला?"

"तुला काय विचारलं?"

"तोच. कधी झोपला होतास. मी बोललो मॅडम, रांगेत उभा राहतो तो आराम धरायचा की काम ते आधी सांगा. कंपनीवाले आराम धरतात. मग गेल्या महिन्यात मी वीस दिवस आराम केलाय, माझ्यासारखा सुखी माणूस जिल्ह्यात नाय." रितेशने खिडकीत कोपरं टेकली. "मला अर्धा तास दिलाय. कोंबड्या उन्हात मरतील म्हणून. तुझ्या गाद्या मरत नाय ना."

"नाय."

"मग झोप की. मागे माल कसला हाय, विसरलास काय? असा चान्स अंबानीला मिळत नाय."

"रितेश," धम्मदीप म्हणाला, "तू दाभोळ्यावरून आलास ना? रस्त्याला काही होतं?"

"काय होतं?"

"गर्दी. लोकं जमलेली. पोलीस."

रितेशने आठवून पाहिलं. "नाय रे. दाभोळ्याच्या पुढे एक म्हैस होती."

"उभी?"

"म्हणजे?"

"उभी होती का पडलेली होती?"

"उभी होती. रवंथ करत होती." रितेश त्याच्याकडे नीट बघू लागला. "तुझ्या ओळखीची हाय काय?"

"आणि शाळेकडे?"

"शाळेत प्रार्थना चाललेली. भोंग्यावर. सगळी पोरं लायनीत." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "डुलकी लागली?"

धम्मदीप डॅशबोर्डवरच्या मूर्तीकडे बघू लागला.

"सगळ्यांना लागते. माझी एकदा लांज्यापासून राजापूरपर्यंत लागलेली. उठलो तर डिझेल वाचलं होतं. हे बघ, दोन वाजता तिला सांग झोपलो, डोळे चोळत जा, तोंडावर पाणी मात्र मारू नको, म्हणजे खरं वाटतं. सरकारला तेवढंच पाहिजे असतं. आपण झोपलो की नाय ते आपलं आपण बघायचं." त्याच्या कोंबड्यांनी एकदम कालवा केला आणि तो गेला. धम्मदीपला हलकं वाटायला हवं होतं. म्हैस उभी होती, पोरं लायनीत होती. त्याने लायनीतल्या पोरांना मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली आणि मग लक्षात आलं की आपल्याला पटसंख्या माहीत नाही.

तो खाली उतरला आणि गाडीभोवती फिरला. पुढचा बंपर धुळीने भरलेला, धूळ कुठे पुसली गेलेली नाही. उजवी बाजू साफ. मागची दारं, साखळी, सील, सगळं जागच्या जागी. मग तो डाव्या बाजूला आला. डावा आरसा आत वळला होता, कोणी कान पिरगाळून धरावा तसा, आणि आरशाच्या दांडीत आंब्याची एक डहाळी अडकली होती. हातभर लांब, मोडलेली बाजू ओली, टोकाला मोहोर. मोहोराचा तो तुरट गोड वास येत होता. धम्मदीपने डहाळीला हात लावला नाही. साखरप्यापासून पालीपर्यंतच्या रस्त्यावर तो एकोणीस वर्षं जातोय. रुंदीकरणात रस्त्याकडेची झाडं गेली, एकूण एक गेली, तोडताना त्यानेच दोन ट्रक लाकूड वाहिलं होतं. आज त्या रस्त्यावर डांबरापासून सगळ्यात जवळचा आंबा पंधरा फुटांवर असेल. पंधरा फूट म्हणजे डांबर, त्यानंतर खडी, त्यानंतर मातीची कड, तिथूनच पोरं चालतात, आणि मग झाड. गाडी त्या पंधरा फुटांत जाऊन आली होती. जाऊन, आंब्याला घासून, परत रस्त्यावर आली होती, आणि तिथे त्या वेळी कोणी नव्हतं, कारण प्रार्थना सुरू झाली होती. म्हणजे साडेसात नव्हे, आठ वाजून गेले होते. साखरप्याच्या टपरीवाल्याने सुट्टे शोधायला वेळ लावला होता. डबा उलटा केला, बायकोला विचारलं, शेवटी गोळी दिली. ते सुट्टे पटकन मिळाले असते तर. धम्मदीप तिथेच काजूच्या मुळावर बसला. आणि पालीपासून इथपर्यंत, आपण जागे आहोत असं समजून, त्याने डाव्या आरशात एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणजे पालीला तो जागा झाला हेही खरं नव्हतं. मॅडमनी प्रश्न विचारला तेव्हा झाला होता.

साडेबाराला त्याने आरशातली डहाळी सोडवली आणि ती हातात घेऊन शेट्ये मॅडमकडे गेला. त्या फलकाच्या सावलीत खुर्चीवर बसून डब्यातली पोळी-भाजी खात होत्या. शेजारी टेबलावर निळी वही होती. हातात मोहोर घेऊन आलेला ड्रायव्हर त्यांनी याआधी पाहिला नसावा. त्यांनी आधी त्या डहाळीकडे आणि मग सावधपणे त्याच्याकडे पाहिलं.

"दोन वाजले नाहीत अजून."

"वही पाहिजे होती. आणि पेन."

"झोप लागली?"

"ती लिहायचीय."

त्यांनी केसातलं पेन काढून दिलं. तो उभ्यानेच टेबलावर वाकला. सतरा तारखेची ओळ योगिनीने भरलेली होती: रात्री दहा ते सहा, ठिकाण घर, शेरा: आज लवकर आले. त्याने ती खोडली नाही. खोडवेना. खाली दोन ओळींच्या मध्ये, कोणाला लागत नाही अशा आपल्या अक्षरात, जीभ बाहेर काढून, सावकाश लिहिलं: सकाळी. साखरपा ते पाली. झोप. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं: स्टिअरिंग. शेऱ्याच्या रकान्यापाशी तो थांबला. इथे ती 'शांत' लिहिते. महिनाभर शांत, शांत, शांत, मध्येच एखादं घोरले. त्याने विचार करून लिहिलं: गाडी चालू होती.

मॅडमना ते वाचायला वेळ लागला. एकदा त्यांनी 'स्टिअरिंग' हा शब्द बोटाने उलगडला. मग डबा झाकला.

"आणि हे?"

"हे डाव्या आरशात होतं. झाड रस्त्यापासून पंधरा फुटांवर असतं मॅडम."

थोडा वेळ दोघंही डहाळीकडे बघत होती. तिच्यावर एक मुंगळा होता. तोही पालीच्या पलीकडून इथपर्यंत आलेला, आणि आता कुठे उतरायचं ते त्याला कळत नव्हतं.

"हे मी पुढे पाठवलं," मॅडम म्हणाल्या, "तर काय होईल माहीत आहे ना? तुमचं लायसन अडकेल. कंपनी गाडी बंद करेल. मालक काय करेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक."

"हो."

"आणि नाही पाठवलं तर?"

"तर मी दोन वाजता निघेन," धम्मदीप म्हणाला. "आणि मला अजून झोप लागलेली नाही."

त्यांनी पेन परत केसात खोचलं, मग आठवण झाल्यासारखं पुन्हा काढलं आणि त्याच्या ओळीपुढे स्वतःची सही केली, तारीख, वेळ. लाल पेन नव्हतं, निळंच होतं. "मालकाला दुसरा ड्रायव्हर पाठवायला सांगा," त्या म्हणाल्या. "तोही झोपलेला पाहिजे. आणि वही तुमच्या मुलीला परत मिळणार नाही, तसं तिला सांगा." जरा थांबून म्हणाल्या, "नऊ तारखेचा फोटो काढून घ्या पाहिजे तर."

त्याने काढला. कुळथाची पिठी हलली, पुन्हा काढला.

केतनला त्याने दोन वाक्यांत सांगितलं. केतनचं बोलणं मात्र दोन वाक्यांत आटपत नव्हतं. त्यात योगिनीचा अभ्यास आला, उपकार आले, एकोणीस वर्षं आली, त्यातली तीनच केतनकडची होती. "कोणी विचारलं होतं का तुला?" केतन म्हणत होता. "कोणी विचारलं तरी होतं का?" विचारलं होतं, तेच तर झालं होतं. पण हे फोनवर समजावण्यासारखं नव्हतं. त्याने फोन सीटवर ठेवला, तो तिथेच बोलत राहिला. संध्याकाळी घरी जाऊन हे शालनला सांगायचं होतं, पत्र्यांचं सांगायचं होतं, ऑपरेशनचं काय करायचं ते ठरवायचं होतं. आज लवकर आले, एवढं मात्र वहीतल्यासारखं होणार होतं.

मागचं सील मॅडमच्या समोर काढलं. आत गाद्या छतापर्यंत होत्या, प्लास्टिकमध्ये, फक्त दाराशी उशांच्या गठ्ठ्यांमागे माणूसभर फट होती. तो चढला, फटीत शिरला आणि एका गादीवर आडवा झाला. प्लास्टिक थंड होतं आणि चुरचुरत होतं. पट्टे आले. त्याने ते गिळले नाहीत, जाऊ दिले. साखरपा आलं, साय आली, गोळी आली, आणि मग दाभोळे आलं, पहिलं वळण, दुसरं, तिसऱ्या गिअरची कुरकुर, म्हैस, उभी. भोंग्यावर प्रार्थना चालली होती. पुढे केबिनमध्ये फोन पुन्हा वाजायला लागला. वाजू दे. रोज रात्री दहाला झोपणारा तो दुसरा आहे ना तिथे, ताजातवाना. त्याला उठवावं कोणीतरी, आता जागं राहायची पाळी त्याची.